अक्षरांवर मालकी कोणाची?

(तोरणमाळ येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



यशवंत तलावाच्या काठी बसून संगणकाच्या पडद्यावरील अक्षरांविषयी बोलावे, हे तुम्हांपैकी काहींना विसंगत वाटेल. रोजगार, जंगलजमीन, कुपोषण हे प्रश्न समोर असता अक्षरांच्या वळणांची चिकित्सा ही पोट भरलेल्यांची चैन नव्हे काय? परंतु देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले, याचे स्मरण ठेवावे. त्यानंतर शिधा, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन यांची वाट क्रमाक्रमाने पडद्यावरून जाऊ लागली. ज्या मजकुरावर हक्क अवलंबून आहे तो वाचता येणे, हा त्या हक्काचाच भाग होय.

देवनागरीला यंत्रात बसविण्याची खटपट जुनी आहे. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. तेथील सुबक अक्षरांमागे खिळे पाडणाऱ्या व जुळविणाऱ्या कामगारांचे कसब होते. इंग्रजीला मोजके खिळे पुरत. आपल्या जोडाक्षरांना शेकड्यांनी लागत. संगणक आला तोही इंग्रजीचेच माप घेऊन. मग प्रत्येक कंपनीने आपापले टंक काढले. पडद्यावर मराठी अक्षर दिसे, पण यंत्राच्या पोटात त्या जागी इंग्रजी अक्षराचा क्रमांक असे. तो टंक ज्याच्यापाशी नाही त्याला मजकूर म्हणजे निव्वळ गिचमिड! मजकूर आपला, पण कुलूप विक्रेत्याचे, अशी ही स्थिती होती.

हे कुलूप उघडले ते सामाईक मालकीच्या तत्त्वाने. १९९१ च्या युनिकोड प्रमाणाने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक दिला. १९९३ साली युरोपातील 'सर्न' या संशोधनसंस्थेने जागतिक जाळ्याची मूळ प्रणाली कोणतेही शुल्क न आकारता सर्वांना खुली केली. र. कृ. जोशी यांच्या 'मंगल' टंकाने घरोघरीच्या संगणकावर मराठी दिसू लागली. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने 'मुक्त' हा टंक खुल्या परवान्याने दिला. नफ्यावाचून नवनिर्मिती होत नाही, असे सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

तथापि क्रमांक मिळाला म्हणजे न्याय मिळाला असे नव्हे. पानाची मांडणी इंग्रजीच्या मापानेच होते. अक्षरांत अंतर वाढविले की शिरोरेखा तुटते. ओळी दाटल्या की वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात. आकार घटविला की जोडाक्षराचा ठिपका होतो. शासननिर्णयाच्या कागदाचे नुसते छायाचित्र चढविले, तर त्यात शब्द शोधता येत नाही, की अंधांसाठीचे वाचनयंत्र तो वाचू शकत नाही. आणि चित्रांनी फुगलेले पान या डोंगरातील अशक्त लहरींवर उघडतच नाही. मराठीला राजभाषा करणारा १९६४ चा अधिनियम कागदावर असून पडद्यावर ती उपरी राहावी, हे कसे चालेल?

येथे एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. इंग्रजीविरुद्ध तक्रार करणारी मराठी पावरीशी कशी वागते? २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटाच्या भाषिकांची संख्या एक कोटीहून अधिक आहे; तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. ही भाषा देवनागरीत लिहावयास तंत्राची आडकाठी उरलेली नाही. उरली आहे ती आपली बेपर्वाई.

म्हणून मागणी साधी आहे. शासनाचे प्रत्येक पान युनिकोडात, खुल्या टंकात, ठसठशीत अक्षरांत असावे; ते साध्या फोनवर उघडावे; आणि ते प्रसिद्ध करण्यापूर्वी येथील एखाद्या पाड्यावर वाचून घ्यावे. ज्या दिवशी तोरणमाळची एखादी बाई दलालाला पैसे न देता आपला अर्ज स्वतः वाचील आणि त्यातली चूक अधिकाऱ्याला दाखवील, त्या दिवशी अक्षरे तिच्या मालकीची झाली असे समजावे. तोवर हे काम आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर राहिले पाहिजे.