येत्या दोन वर्षांत



आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे जे अर्ज येतात त्यांपैकी काहींना वर्तमानपत्राचे कात्रण टाचलेले असते. ‘अमुक रोगावर येत्या दोन वर्षांत रामबाण औषध’ असा त्याचा मथळा. घरात दुखणेकरी असला म्हणजे असे कात्रण देव्हाऱ्यातील अंगाऱ्याप्रमाणे जपले जाते. हे मी थट्टेने बोलत नाही. त्याच्या भरवशावर कोणी चालू उपचार सोडतो, कोणी राहते घर गहाण टाकतो. म्हणून या ‘दोन वर्षां’चा थोडा हिशेब आपणांपुढे मांडावा असे योजिले आहे.

दिनांक २३ एप्रिल १९८४ रोजी अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी एड्सच्या विषाणूचा शोध लागल्याचे वॉशिंग्टन येथे जाहीर केले, आणि त्यावरील लस सुमारे दोन वर्षांत चाचणीसाठी सिद्ध होईल अशी आशा प्रकट केली. ‘चाचणीसाठी’ हा शब्द येथे महत्त्वाचा. चाचणीस सिद्ध होणे निराळे आणि औषधाच्या दुकानात मिळणे निराळे. परंतु लोकांच्या ध्यानी राहिली ती दोन वर्षेच. अमेरिकेत माणसांवरील चाचणी सुरू झाली ती १९८७ मध्ये. २००९ मध्ये थायलंडमधील मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष बाहेर आला. त्या लशीने संसर्ग सुमारे एकतीस टक्क्यांनीच घटला. तेवढे पुरेसे ठरले नाही. परवाना मिळालेली लस अद्यापि नाही.

मग रोग्यांच्या पदरी काही पडलेच नाही काय? पडले, पण ते भाकितात नव्हते. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली, आणि ज्या रोगाचे नाव ऐकताच घरे खचत, तो आयुष्यभर औषध घेऊन ताब्यात ठेवता येऊ लागला. खर्च मात्र वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर. २००१ च्या फेब्रुवारीत आपल्या मुंबईतील सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी अशी तिहेरी औषधयोजना एका सेवाभावी वैद्यकीय संघटनेला माणशी वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. लशीची वाट पाहणाऱ्या जगाला वाट सापडली ती गोळ्यांची!

कर्करोगाची कथा अशीच. ३ मे १९९८ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ज्यूडा फोकमन यांच्या संशोधनाचे वृत्त पहिल्या पानावर दिले. गाठीला रक्त पुरविणाऱ्या नव्या वाहिन्या रोखल्या की गाठ उपाशी मरते, ही त्यांची कल्पना. वृत्तात पुन्हा तीच दोन वर्षे! दुसऱ्या दिवशी संबंधित कंपनीचा बारा डॉलरांचा भाग काही काळ ऐंशीच्या पुढे गेला. बऱ्या झाल्या होत्या त्या उंदरांच्या गाठी. कल्पना खोटी नव्हती. त्याच तत्त्वावरील बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये मान्य झाले. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात नेहमीच्या औषधांस त्याची जोड दिल्याने आयुष्य सरासरी साडेचार महिन्यांच्या आसपास वाढले. ज्याच्या घरी मुलीचे लग्न ठरले आहे त्याला साडेचार महिने थोडे नव्हेत. पण मथळा त्याचा नव्हता.

सर्व दोष पत्रकारांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. नामवंत शास्त्रीय नियतकालिकांत १९७९ ते १९८३ या काळात आलेल्या, उपचाराची स्पष्ट आशा दाखविणाऱ्या १०१ लेखांचा मागोवा काही संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर परवाना मिळाला होता पाच शोधांना, आणि त्यांतला विस्तृत वापरात होता एकच. उलट, इन्सुलिन जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत एका मुलास प्रथम टोचले गेले आणि पुढल्याच वर्षी ते बाजारात आले. तेव्हा प्रत्येक बातमीला नाक मुरडणे हाही शहाणपणा नव्हे.

निधीच्या समितीला माझी सूचना आहे ती एवढीच. कात्रण जोडलेला अर्ज परत करू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते दाखवून, प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, किती माणसांवर, आणि ते औषध येथे मिळते काय, एवढे त्यांच्याकडून लिहून आणावे. उत्तर येईपर्यंत चालू औषधाचे पैसे निधीने थांबवू नयेत. कात्रण कापताना तारीखही सोबत कापून ठेवावी. पुष्कळ कात्रणांवर ती नसते, आणि मग ‘येत्या दोन वर्षांत’ म्हणजे कोणत्या वर्षापासून दोन, हे कोणालाच सांगता येत नाही.