तित्तराची साद

पालम तालुक्याच्या शिवारांत झुंजुमुंजु होण्यापूर्वींच एखाद्या बांधावरून तित्तराची साद उठते. आरंभीं दोन-तीन सुटे खणखणीत स्वर, आणि मग ‘कतीतर, कतीतर’ अशी भराभर चढत जाणारी लय. थोड्या वेळानें दुसऱ्या बांधावरून तिला उत्तर मिळतें. शहरवासी श्रोत्यांस हा केवळ पांखरांचा कलकलाट वाटेल. वस्तुतः तो हद्दीचा वाद असतो. या वादांत मनुष्यालाही आपला आवाज मिसळतां येतो. ती विद्या नवशिक्यानें कशी शिकावी, व तिच्यासाठीं साधन कोणतें निवडावें, हें आज पाहावयाचें आहे.

महाराष्ट्रांत या विद्येचे परंपरागत जाणकार म्हणजे फासेपारधी. पाळलेला नर पिंजऱ्यांत ठेवावयाचा, भोंवतीं बारीक फासांची ओळ मांडावयाची, आणि त्याची साद ऐकून रानांतला नर भांडावयास धांवून आला कीं तो फासांत अडकावयाचा, ही त्यांची जुनी रीत. पिंजऱ्यांतला पक्षी गप्प राहिला तर पारधी स्वतःच्या कंठानेंच त्याला डिवचतो. लोक या कसबास फसवणूक म्हणतात. परंतु फसवणूक ही अगदीं शेवटची पायरी होय. पक्षी रात्रीं कोणत्या कांटेरी झाडावर बसतो, सकाळीं कोणत्या गवतांत उतरतो, आणि उडण्यापेक्षां पळणेंच तो कां पसंत करतो, हें ठाऊक असल्यावांचून नुसत्या आवाजास कोण भुलणार?

अमेरिकेंत रानटी टर्कीच्या शिकारीसाठीं अशीच साद घालतात, आणि तेथें तिचीं साधनें दुकानांत विकत मिळतात. एक साधन म्हणजे पातळ भिंतींची लांबट लांकडी पेटी. तिचें झांकण एका टोकाशीं खिळविलेलें असतें. त्याला खडू लावून तें भिंतीच्या कडेवर घांसलें कीं मादीचा आवाज निघतो. आर्कान्सा संस्थानांतील हेन्री गिब्सन यानें अशा पेटीचें पेटंट १८९७ सालीं घेतलें. दुसरें साधन पाटीचें. तिच्यावर काडी घांसावयाची. तिसरें टाळूशीं धरावयाची रबरी पडदी. हिनें दोन्ही हात मोकळे राहतात, पण ती वश होण्यास पुष्कळ सराव लागतो. म्हणून नवशिक्यास बहुधा पेटीच सुचवितात. मौज अशी कीं, निसर्गांत नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मात्र मादीच्या आवाजानें नराला बोलावून ही रीतच उलटी करतो. त्यामुळें चाणाक्ष नर दूरच थबकतो, आणि अधीर होऊन सारखी पेटी वाजविणारा रिकाम्या हातानें परततो.

तित्तरासाठीं पेटी नको आणि पाटीही नको. आपला कंठ व तोंडापुढें धरलेली हाताची ओंजळ एवढें साहित्य पुरे. पहिले पंधरा दिवस तोंड उघडूंच नये. सूर्योदयापूर्वीं बांधावर बसून फक्त ऐकावें. सुटे स्वर किती, त्यांच्यामागून लय केव्हां धरली जाते, जोडींतला दुसरा पक्षी कोठें मिसळतो, हें नीट ध्यानांत घ्यावें. नंतर सराव करावा तो मोकळ्यावर. खोलींत प्रत्येकालाच आपला आवाज हुबेहूब वाटतो. सोबत्याला शंभर पावलांवर उभें करून विचारावें. त्याला हसूं आलें तर पुन्हां ऐकावयास बसावें! स्वराच्या शुद्धतेपेक्षां लय महत्त्वाची. आणि एकदां साद घातली कीं पुष्कळ वेळ थांबावें. नवशिके चुकतात ते येथेंच.

साद साधली तरी पकडणें नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें फास मांडणें, आमिष दाखविणें, पक्षी धरणें हें सर्व शिकारींतच मोडतें. कायदा योग्यच आहे. पण त्यानें ज्यांची उपजीविका गेली त्यांचा विचार मागाहूनच झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें पारध्यांच्या अनेक गटांवर जो शिक्का बसला, तो १९५२ सालीं कायदा रद्द झाल्यावरही लोकांच्या मनांतून पुसला गेला नाहीं. आणि रानाचें एवढें ज्ञान असलेला मनुष्य रानांत दिसला कीं त्याच्यावर प्रथम संशयच घेतला जातो. अकोला-वाशीम भागांत ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांनाच बरोबर घेऊन गवताळ रानें व तणमोर राखण्याचें काम करीत आली आहे. ज्या कानानें पक्षी शोधला जाई, त्याच कानानें तो राखतांही येतो, हें तेथें दिसलें.

हौशी मनुष्यानेंही सादेचा उपयोग मोजणीसाठींच करावा. विणीच्या दिवसांत ती मुळींच घालूं नये. हद्द राखावयास धांवणाऱ्या नराचें लक्ष तेवढ्यापुरतें घरट्यावरून उडतें. खिशांतल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित साद पुनःपुन्हां वाजविणें तर याहूनही वाईट, कारण यंत्राला दम लागत नाहीं. एरव्हीं ठरलेल्या जागीं उभें राहून एकदांच साद घालावी आणि किती दिशांनीं उत्तर आलें तें वहींत टिपावें. दर वर्षीं त्याच सुमारास, त्याच जागीं. नोंदीपुढें वेळ, वारा आणि शेतांतलें पीक अवश्य लिहावें. सोयाबीन निघाल्यानंतरच्या उघड्या रानांतला आंकडा आणि उभ्या तुरींतला आंकडा एकत्र मिसळूं नये.