छातीचा फोटो वाचताना



खोकला, ताप, धाप असली की डॉक्टर छातीचा फोटो काढायला सांगतात. आमच्या वरणगावात फोटो हातात पडला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न, "काय निघालं, साहेब?" फोटोत जे आहे ते कुठल्याही डॉक्टरला सारखंच दिसणार, हे त्यात धरलेलं असतं. तसं होत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचे क्ष-किरणतज्ज्ञ गार्लंड यांनी १९४९ साली हे जगापुढे मांडलं. क्षयाच्या तपासणीत, दोष असलेल्या छातीच्या फोटोंपैकी सुमारे ३० टक्के फोटो अनुभवी डॉक्टरांच्या नजरेतून निसटत होते. आणि तेच फोटो त्यांच्यापुढे पुन्हा ठेवले, तर साधारण पाचातल्या एका फोटोबाबत ते स्वतःचाच आधीचा निकाल फिरवत!

न्यूमोनियात तर घोळ फोटो काढतानाच सुरू होतो. "श्वास घ्या, रोखून धरा," असं सांगितलं जातं. पण धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसानं श्वास रोखायचा कसा? अर्ध्या श्वासात काढलेल्या फोटोत फुप्फुसाचा तळ पांढुरका दिसतो आणि न्यूमोनियाचा भास होतो. बाई वेणी खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली, तर वेणीची सावली फुप्फुसाच्या वरच्या भागावर उतरते. तान्ह्या बाळाची थायमस ग्रंथी नवख्या डॉक्टरला डाग वाटते. उलट, हृदयाच्या सावलीमागचा खरा न्यूमोनिया सहज हुकतो. आजाराच्या पहिल्या दिवशी तर फोटो कोराही येऊ शकतो.

हल्ली फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून मोबाईलवर टिपतात आणि भुसावळ-जळगावच्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर धाडतात. वेळ वाचतो, कबूल. पण फिकट डाग त्या चकाकीत हरवतो. निदान काचेच्या उजळ पेटीवर लावून तरी टिपावी.

चिठ्ठीवर नुसतं 'छातीचा फोटो' लिहिलेलं असतं, तेही पुरेसं नाही. 'चार दिवस ताप, श्वास घेताना उजव्या कुशीत कळ' एवढं लिहिलं, की वाचणारा उजवीकडे दुसऱ्यांदा बघतो. अर्थात माहिती फसवतेही. कोरोनाच्या २०२१च्या लाटेत जो तो सीटी स्कॅनचा 'स्कोअर' विचारत होता. तशा दिवसांत हृदयविकारानं फुप्फुसात साचलेलं पाणीही कोरोनाच्या खात्यात जाऊ शकतं.

जुन्या क्षयाचा वण तर अगदी ताज्या न्यूमोनियासारखा दिसू शकतो. फरक कळतो तो जुना फोटो शेजारी लावला की. इथल्या आयुध निर्माणीत किंवा आणखी कुठे नोकरीला लागताना काढलेला फोटो घरात पडलेला असेल, तर तो रद्दीत घालू नका. दवाखान्यात सोबत आणा.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र फोटोवाचूनही बरंच काही कळतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. बालमृत्यू कमी झाले. १९९०मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ओळखायची रीत सोपी: खोकला असलेल्या मुलाचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असतील, तर लगेच दवाखाना गाठायचा. मोजायचं ते बाळ शांत असताना, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. रडताना किंवा दूध पिताना मोजलं, तर तो आकडा धरू नये.