परतीची तयारी
(सोलापूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मे महिना लागला की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतली तरुण मुलं सेवाकार्याच्या दौऱ्यावर निघतात. कुणी मेळघाटात, कुणी गडचिरोलीकडे, कुणी डांगात. आठ-दहा दिवस, फार तर पंधरवडा. लहान मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, एखादं आरोग्य शिबिर, संध्याकाळची भजनं, कधी एखाद्या प्रार्थनामंदिराची डागडुजी. जायची तयारी आपण मनापासून करतो. औषधांची खोकी बांधली जातात, पेटी-ढोलकी घेतली जाते, आया शेंगाचटणीचे आणि कडक भाकरीचे डबे भरतात. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब त्यांना पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवतात. स्टेशनवर पोचवायला अर्धी मंडळी जाते.

परत येतात तेव्हा मात्र कुणाचा तरी भाऊ मोटारसायकल घेऊन स्टेशनबाहेर उभा असतो, तेवढंच. पुढच्या रविवारी साक्ष द्यायला पाच मिनिटं मिळतात, टाळ्या होतात, विषय संपतो. आणि माझ्या मते या सगळ्यातलं खरं अवघड काम तिथून सुरू होतं. त्याबद्दलच मला आज बोलायचं आहे. समोर ख्रिस्ती नसलेलेही बरेच श्रोते आहेत. श्रमदानाच्या शिबिरातून किंवा पूरग्रस्तांच्या मदतकार्यातून परतलेला माणूस तुमच्याही घरात असेल. त्याचंही पुष्कळसं असंच होतं.

काय होतं, ते एका मुलीवरून सांगतो. आमच्या तरुण संघातली, कॉलेजात शिकणारी. मेळघाटातल्या एका पाड्यावर दहाएक दिवस राहून आली. तिथल्या बायका कोरड्या पडत आलेल्या विहिरीत वाटीवाटीने पाणी भरत, ते तिने पाहिलं होतं, स्वतः भरलंही होतं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आजी अंगणात सडा टाकत होती. मुलगी धावत बाहेर आली आणि आजीच्या हातातली बादली हिसकावून घेऊन ओरडली, "तुम्हाला पाण्याची किंमतच नाही!" आजी काही बोलली नाही. तीन दिवस घरात अबोला होता. मुलीची आई माझ्याकडे आली, म्हणाली, "सर, पोरगी जाताना चांगली होती हो. आता जेवताना भाजी जास्त वाढली तरी रडते. कुणाच्या लग्नाला यायला तयार नाही. म्हणते, तुम्ही सगळे खोटं जगता."

सोलापूरकरांना सांगायला नको, आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि कधी येईल त्याचा नेम नसतो. त्या घरात रात्री दोन वाजता उठून नळाखाली हंडा लावणारी बाई म्हणजे ती आजीच. ही गोष्ट त्या मुलीला जन्मापासून ठाऊक होती. पण पाड्यावरच्या बायका तिने डोळे उघडे ठेवून पाहिल्या होत्या, आणि आजीकडे तसं पाहायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. मी त्या मुलीला दोष देत नाही. तिचं रडणं खरं होतं. जिचं काळीज हललं नाही अशी मुलगी परत आली असती, तर मला जास्त काळजी वाटली असती.

हा अनुभव नवा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावंच्या गावं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. सोलापूर जवळ, म्हणून जखमी इथे आणले गेले, आणि इथली मुलं तिकडे धावली. सर्व धर्मांची, सर्व पक्षांची, आमच्या मंडळ्यांचीही. तोंडाला फडकी बांधून त्यांनी ढिगारे उपसले. ती परत आली तेव्हा पितृपक्ष चालू होता. पुढे नवरात्र बसलं, कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता फुलला, शहर आपल्या चालीने चालू लागलं. माझा एक सोबती मात्र कित्येक महिने छपराखाली झोपला नाही. गच्चीवर किंवा ओट्यावर झोपायचा. घरचे म्हणत, भित्रा झालाय. तो भित्रा नव्हता. त्याने जे हातांनी उचललं होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण कुणी विचारत नव्हतं. लोक विचारत ते एवढंच, "किती मेले?" आकडा सांगितला की त्यांचं समाधान होई.

परक्या मुलुखात गेल्यावर माणूस गोंधळतो, हे कुणीही सांगेल. पण आपल्याच घरी परतल्यावरही तसाच गोंधळतो, हे अभ्यासकांच्या लक्षात जरा उशिरा आलं. गलाहॉर्न या पतिपत्नींनी 1963 मध्ये परदेशात राहून मायदेशी आलेल्या अमेरिकन अभ्यासकांविषयी लिहिलं, आणि मनाचा चढउतार परदेशी एकदा तर घरी आल्यावर पुन्हा एकदा होतो, असं दाखवलं. तिकडे गेल्यावर सगळं अनोळखी असणार हे आपण धरूनच चालतो. घर अनोळखी वाटेल, हे कुणी धरून चालत नाही, म्हणून तो दुसरा उतार जास्त लागतो.

जुन्या मिशनऱ्यांना हे ठाऊक होतं. अमेरिकन मराठी मिशनची पहिली माणसं 1813 मध्ये मुंबईत उतरली, 1831 मध्ये अहमदनगरला गेली, आणि पुढे सोलापुरातही त्यांचं ठाणं झालं. शाळा, दवाखाने, प्रार्थनामंदिरं, सारं त्यांच्या हातून झालं. पण काही वर्षांच्या कामानंतर मायदेशी रजा ठरलेली असे, आणि त्या रजेत गावोगावच्या मंडळ्यांत जाऊन हकिगत सांगणं हाही कामाचाच भाग मानला जाई. परतणं त्यांनी कामाच्या हिशोबात धरलं होतं. आपण जायचं शिकलो, हा भाग मात्र घ्यायचा राहिला.

नव्या करारात तर हे किती ठिकाणी आलं आहे! मार्कच्या सहाव्या अध्यायात प्रेषित कामगिरीवरून परततात आणि जे केलं, जे शिकवलं, ते सगळं येशूला सांगतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांची इतकी वर्दळ असते की त्यांना जेवायलाही सवड मिळत नाही. येशू त्यांना पुढचं काम लगेच देत नाही, एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या म्हणतो. लूकच्या दहाव्या अध्यायात पाठवलेले शिष्य आनंदाने परत येतात, तुझ्या नावाने भुतंही आम्हाला वश होतात म्हणतात. तो त्यांचा आनंद नाकारत नाही, पण त्याची जागा हलवतो: पराक्रमाचा आनंद करू नका, देवाच्या घरी तुमची नावं लिहिली आहेत याचा करा. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा अंत्युखियाला परततात. ज्या मंडळीने पाठवलं तिलाच एकत्र जमवून सारं सांगतात, आणि मग तिथेच शिष्यांबरोबर बरेच दिवस राहतात. हे 'बरेच दिवस' आपण वाचताना सोडून देतो. पौलाच्या प्रवासांचे नकाशे रविवारच्या शाळेत भिंतीवर लावतो, पण त्या नकाशावर राहिलेल्या दिवसांची रेघ कशी काढणार?

आणखी एक प्रसंग मला या सगळ्यांहून जवळचा वाटतो. गरसेकरांच्या प्रांतात भूतबाधेतून बरा झालेला माणूस येशूबरोबर होडीत चढू पाहतो. त्याला जायचं आहे, दूर, त्याच्यासोबत. येशू त्याला घेत नाही. घरी जा, आपल्या माणसांत जा, त्यांना सांग, असं म्हणतो. त्या माणसाला घरी जाणं किती जड गेलं असेल! थडग्यांत राहणारा, साखळ्या तोडणारा म्हणून ज्यांनी त्याला पाहिलं, त्यांच्याच दारात उभं राहायचं.

आपल्या सोलापूरला न परतलेल्या माणसाचा अभिमान आहे, आणि असायलाच हवा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. पथकात पाच डॉक्टर होते. बाकीचे चौघे परत आले. त्यांची नावं या सभागृहातल्या किती जणांना सांगता येतील? अटल, चोळकर, बसू, मुखर्जी. डॉ. बसूंनी पुढे कोलकात्यात अॅक्युपंक्चरचे उपचार सुरू केले, चीनशी जोडलेली मैत्री जन्मभर सांभाळली. जाऊन मरण पत्करणाऱ्याची थोरवी आपल्याला कळते. येऊन जगणाऱ्याचीही कळली पाहिजे.

परतणं कसं असावं, याचं मला दिसलेलं सर्वांत मोठं उदाहरण पुण्याच्या रेल्वेमार्गावर आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. त्यांचे स्वतःचे आई-वडील 1870 च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून खंगून गेले होते, तेव्हा त्यांना ते दृश्य नवं नव्हतं. त्या मुली घेऊन परतल्या, एका वर्षात तीनशेच्या आसपास. पुण्यात प्लेगचे निर्बंध, विधवांसाठी चालवलेल्या त्यांच्या शारदा सदनात जागा नाही, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या. थोडं थांबून पाहा. पुण्यातलं लावलेलं, बसलेलं घर होतं. तिथे शिकणाऱ्या विधवा मुली होत्या, नियम होते, वेळापत्रक होतं. त्यात ही उवांनी भरलेली, हाडांची काडं झालेली, खाणं लपवून ठेवणारी पोरं आली. रमाबाईंनी जुन्या घरातल्या मुलींना तुम्ही सुखात लोळता म्हणून झोडपलं नाही. नव्या मुलींना जेवू घालण्याच्या, न्हाऊ घालण्याच्या, शिकवण्याच्या कामात त्यांना हाताशी घेतलं. दौऱ्यावर जे पाहिलं त्याला त्यांनी घरात जागा केली, आणि घरच्यांना त्या जागेत काम दिलं.

रमाबाईंसारखं सगळ्यांना जमणार नाही, मान्य. पण त्यांची वाट सोलापुरातून जाते, कशी ते सांगतो.

आमची काही मुलं एका मे महिन्यात गडचिरोलीकडच्या गावात होती. ते दिवस तेंदूपत्त्याच्या हंगामाचे. सुट्टीतल्या बायबल शाळेला पोरं येईनात. चौकशी केली तेव्हा कळलं, पहाट फुटायच्या आत सगळं घर पानं तोडायला रानात जातं. मग आमची मुलंही गेली. दुपारी अंगणात बसून पानं एकावर एक लावायची, सत्तर पानांचा पुडा, सालीच्या दोरीने बांधायचा, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. मुलांची बोटं काळी पडली. परत आल्यावर त्यांच्यातला एक जण पूर्वभागातल्या आपल्या गल्लीत शिरला, आणि शेजारच्या पद्मशाली काकू दारात सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापाने कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. हजार विड्या झाल्या की त्याचा हिशोब, त्यातून कारखान्यात 'छाट' म्हणून काढून टाकलेल्या वजा. तेच पान! हा मुलगा वीस वर्षं त्या दारावरून गेला होता. त्या दिवशी तो तिथे बसला आणि त्याने काकूंना विचारलं, छाटीचे किती जातात? काकूंना आधी थट्टा वाटली. मग त्या बोलू लागल्या, आणि तासभर बोलत राहिल्या.

आता तो आणि त्याचे दोन मित्र त्या गल्लीतल्या मुलांचा संध्याकाळी अभ्यास घेतात, आणि विडी कामगार बायकांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात. कुणाला ही फार छोटी गोष्ट वाटेल. मला वाटत नाही. गडचिरोलीचा दौरा दहा दिवसांत संपला असता, तो अजून संपलेला नाही.

कर्ट व्हेर बीक नावाच्या अभ्यासकाने 2006 मध्ये एक कठोर पाहणी प्रसिद्ध केली. 1998 च्या 'मिच' चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये घरं बांधायला गेलेल्या उत्तर अमेरिकी ख्रिस्ती गटांची ती पाहणी. आमचं आयुष्य बदललं, असं परतलेले सांगत. पण पुढे त्यांच्या देणगीत, वागण्यात टिकणारा फरक फारसा आढळला नाही. व्हेर बीक यांचं म्हणणं असं की नवा बदल टिकायला आधार लागतो, कुणी तरी विचारपूस करणारं लागतं. काही जण या पाहणीवरून असे दौरेच बंद करा म्हणतात. मला ते पटत नाही. दौऱ्यावर जो उमाळा येतो तो खोटा नसतो, त्याला घरी आल्यावर वाली नसतो.

म्हणून मंडळ्यांकडे माझी मागणी आहे, आणि ती अगदी साधी आहे. जूनमध्ये ही मुलं परततील. आल्या आल्या त्यांना व्यासपीठावर उभं करू नका. आठवडाभर झोपू द्या, घरचं खाऊ द्या. मग एका संध्याकाळी, उपासनेच्या वेळेत नाही, मंडळीतली मोठी माणसं त्यांच्यासोबत बसोत. घड्याळ न लावता ऐकोत. किती जण आले, किती पुस्तिका वाटल्या, हे विचारू नका. काय पाहिलंत जे विसरता येत नाही, ते विचारा. त्यांच्यातलं कुणी रडलं तर लगेच प्रार्थना करून ते आवरू नका. आई-वडिलांनाही त्या बैठकीला बोलवा, कारण मुलगा घरात का चिडतो हे त्यांना तिथेच कळेल. तीन महिन्यांनी, शाळा-कॉलेजाच्या पहिल्या परीक्षा आटोपल्या की, पुन्हा बसा. आणि ज्या गावी मुलं गेली होती तिथल्या पाळकांना फोन करून विचारा, आमची मुलं येऊन गेल्यावर तुमच्याकडे काय उरलं? ते जे सांगतील ते, गोड असो की कडू, मुलांपुढे ठेवा.

आणि मुलांनो, तुमच्याकडेही एक मागणी आहे. परत आल्यावर पहिला महिनाभर घरातल्या कुणालाही उपदेश करू नका. त्याऐवजी आजीबरोबर रात्री दोनला पाणी भरायला उठा. बापाच्या दुकानात बसा. जिथे गेला होतात तिथल्या एका तरी घराशी पत्राने, फोनने संबंध ठेवा, आणि पुढच्या वर्षी जमलं तर त्यांनाच इथे बोलवा. त्यांनाही आपलं सोलापूर बघू दे, सेटलमेंटची वस्ती बघू दे, विडी घरकुल बघू दे, आपली उपासना बघू दे.

जूनच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी आमच्या मंडळीत अशी पहिली बैठक ठेवली आहे. ज्यांच्या घरचं कुणी सेवेवरून परत येत आहे त्या सर्वांना, कुठल्याही मंडळीचे असोत, कुठल्याही धर्माचे असोत, माझं आमंत्रण आहे. येताना जेवणाचा डबा आणा, कारण बैठक लवकर संपणार नाही.