धनुष्याचे लाकूड आणि साखळीची करवत

काही महिन्यांपूर्वी अमेरिकेतील मिसूरी राज्यातून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. शाळेत असताना हस्तव्यवसायाच्या तासाला तो माझ्यापाशी लाकूडकाम शिकत असे. आता तो तिकडे नोकरी करतो आणि फावल्या वेळात लाकडाची धनुष्ये करण्याचा त्याला छंद लागला आहे. एका शेतकऱ्याने आपल्या कुंपणावरचे एक झाड तोडून नेण्याची त्याला परवानगी दिली. याने २० इंची पट्टीची भारी साखळीकरवत, म्हणजे इंग्रजीत जिला चेनसॉ म्हणतात ती, विकत घेतली. झाड पाडले, ओंडका त्याच करवतीने उभा कापून सुरेख फळ्या काढल्या, वर्षभर वाळविल्या आणि त्यांतील एका फळीचे धनुष्य घडविले. पहिल्यांदा दोरी पूर्ण खेचली, तोच धनुष्याच्या पाठीवरची एक लांब ढलपी उचकटली आणि धनुष्य मोडले. गालावर ओरखडा आला. डोळा थोडक्यात वाचला. पत्राच्या शेवटी त्याने विचारले होते, "सर, लाकूड चुकले, करवत चुकली, की मी चुकलो? दुसरे झाड तोडण्यापूर्वी कळले तर बरे होईल."

त्याचे हे शेवटचे वाक्य मला फार आवडले. मोडलेल्या धनुष्याच्या जागी दुसरे करता येते. परंतु धनुष्याजोगे सरळ, बिनगाठीचे खोड वाढायला कित्येक वर्षे जातात. ते अर्ध्या तासात वाया घालविण्याची सोय मात्र आज कोणालाही दुकानात मिळते. तेव्हा धनुष्याच्या लाकडासाठी करवत कशी निवडावी, या प्रश्नाचा विचार आज आपण करू.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव ओसेज ऑरेंज. नावात नारिंग असले तरी हे झाड आपल्या फणसाच्या आणि वडाच्या कुळातले आहे. अंगावर काटे, फळ हिरवे आणि खडबडीत, गाभा फणसाच्या लाकडासारखा पिवळाधमक, पुढे काळाने तपकिरी होणारा. टेक्सास, ओक्लाहोमा आणि आर्कन्सॉ हे त्याचे मूळ माहेर. तेथील आदिवासी त्याची धनुष्ये करीत, म्हणून फ्रेंच प्रवाशांनी त्याला 'धनुष्याचे लाकूड' असेच नाव आपल्या भाषेत दिले. एकोणिसाव्या शतकात मैदानी प्रदेशातील शेतकऱ्यांनी शेतांभोवती काटेरी कुंपण म्हणून त्याची मैलोगणती लागवड केली. १८७४ साली जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचे पेटंट घेतले, तेव्हापासून जिवंत कुंपणाची गरज सरली. पण झाडे उभी राहिली आणि कित्येक ठिकाणी तीच तार त्यांच्या खोडांना ठोकली गेली. खोड जाड होत गेले तशी त्याने ती तार आपल्या पोटात घेतली. आज अशा झाडावर करवत चालविणाऱ्याला पहिली भेट पुष्कळदा त्या जुन्या तारेचीच होते आणि एका क्षणात साखळीचे दात बोथट होतात. म्हणून खोड निवडताना ते कुंपणाच्या कोणत्या बाजूला आहे, त्यावर खिळ्यांचे व्रण आहेत काय, हे आधी पाहावे.

इंग्लंडात हाच मान यू नावाच्या सदाहरित वृक्षाला होता. तेथील लांब धनुष्यासाठी यूच्या लाकडाची इतकी ओढ होती की, १४७२ साली चौथ्या एडवर्डच्या राजवटीत परदेशी मालाच्या दर टनामागे चार धनुष्यकांबी आणल्याच पाहिजेत असा कायदा करावा लागला. १५४५ साली बुडालेले 'मेरी रोझ' हे युद्धनौकेचे सांगाडे १९८२ साली समुद्रातून वर काढण्यात आले. त्या नौकेवर शंभराहून अधिक अखंड धनुष्ये सापडली, ती यूचीच. यूच्या खोडात बाहेरचे लाकूड फिकट आणि आतला गाभा तांबूस असतो. बाहेरचा थर ताण सोसतो, आतला दाब सोसतो. एकाच कांबीत दोन्ही गुण जुळून येतात.

आता मुख्य मुद्दा. धनुष्य वाकते तेव्हा धनुर्धराच्या समोरच्या बाजूचे, म्हणजे पाठीचे, तंतू ताणले जातात आणि आपल्याकडील बाजूचे, म्हणजे पोटाचे, तंतू दाबले जातात. पाठीवरचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतील तर ते हा ताण वाटून घेतात. परंतु खोडाला पीळ असला किंवा बारीकशी वळणे असली, तर करवतीची सरळ रेघ त्या तंतूंना मधेच तोडून पुढे जाते. फळी डोळ्यांना सरळ दिसते, आतले धागे मात्र तिरपे होऊन कडेने बाहेर पडलेले असतात. ताण आला की, जेथे धागा तुटलेला तेथे ढलपी उचकटते. माझ्या विद्यार्थ्याच्या गालावरचा ओरखडा या एकाच कारणाचा होता. अगदी सरळ तंतूंची फळी कापूनही धनुष्य करता येते, नाही असे नाही. पण तंतू इतका सरळ आहे की नाही, हे कापल्यावर नव्हे, फोडल्यावर खात्रीने कळते.

म्हणून जाणते धनुष्यकार ओंडका उभा कापीत नाहीत, फोडतात. ओंडक्याच्या तोंडाशी मध्यभागी लोखंडी पाचर ठेवून घणाचे घाव घालतात. चीर धावू लागली की तिच्या पुढच्या भागात दुसरी पाचर, मग तिसरी. मागची मोकळी झाली की ती पुढे. मधे आडवे आलेले धागे कुऱ्हाडीने तोडतात. अशा रीतीने ओंडक्याच्या दोन, मग चार फाळी होतात. पाचर आपला मार्ग स्वतः ठरवीत नाही. तंतू जिकडे नेतील तिकडे ती जाते. फाळ थोडी वाकडी निघाली तरी तिचे तंतू अखंड असतात आणि वाकड्या फाळीचेही धनुष्य उत्तम होते. पुढे ओसेजच्या फाळीवरची साल आणि बाहेरचे फिकट लाकूड सोलून गाभ्यातील एकाच वर्षवलयापर्यंत जातात आणि ते वलय कोठेही न तोडता त्यालाच धनुष्याची पाठ करतात.

हे ध्यानात आले म्हणजे करवतीच्या निवडीचा प्रश्न निम्मा सुटतो. करवतीची कामे तीनच: झाड पाडणे, फांद्या छाटणे आणि ओंडका दोन्ही टोकांशी आडवा कापणे. धनुष्यासाठी जाडजूड वृक्ष लागत नाही. ६ ते १० इंच व्यासाचे, सहा फूट तरी बिनगाठीचे खोड पुरे. सालीवरच्या रेषा खोडाभोवती गोल फिरत वर जात असतील, तर आत पीळ आहे असे समजावे आणि त्या झाडाला हात लावू नये. पट्टी खोडाच्या व्यासापेक्षा थोडी लांब असावी, हा साधा नियम. त्या हिशेबाने १४ ते १६ इंची पट्टी आणि ४० घनसेंटिमीटरच्या आसपासचे एंजिन एवढे भरपूर झाले. २० इंची करवत घेतली की वजन वाढते, हात लवकर थकतात. आणि हाताशी एवढी शक्ती आहे तर ओंडका उभाच का कापू नये, असा मोह होतो, तो निराळाच. शिवाय साध्या साखळीचे दात आडव्या कापासाठी घासलेले असतात. उभ्या कापासाठी त्यांना निराळा कोन द्यावा लागतो. नाही तर एंजिन तापते, काप रेंगाळतो आणि बोटभर जाडीचे लाकूड भुसा होऊन जाते.

पेट्रोलची घ्यावी की विजेच्या बॅटरीची? जो वर्षाकाठी दोनतीन झाडे तोडणार, त्याला आजची चांगली बॅटरीची करवत पुरते. तेल मिसळायला नको, दोरी ओढायला नको, आवाज कमी. दिवसभर जंगलात राहणाऱ्याने पेट्रोलची घ्यावी. पण दोहोंतही तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली, साखळी तत्काळ थांबविणारा ब्रेक. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कोठे टेकला, तर करवत डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. पुढच्या मुठीसमोरची ढाल तेव्हा साखळी अडविते. पण डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून घट्ट वळलेला असेल तरच करवत ताब्यात राहते. दुसरी, थरथर शोषून घेणाऱ्या मुठी. वर्षानुवर्षे थरथर सोसली तर बोटे पांढरी पडून बधिर होतात. जंगलात काम करणाऱ्यांचा हा ओळखीचा आजार आहे. तिसरी, उसळी कमी करणारी साखळी. यांच्या जोडीला शिरस्त्राण, डोळ्यांसमोर जाळी, कानांवर झाकण आणि विशेष विजार हवी. त्या विजारीत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागलीच तर ते धागे बाहेर ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि करवत बंद पडते. दुकानात करवतीची किंमत विचारणाऱ्याने या वस्तूंची किंमतही तिच्यातच धरावी. झाड पाडण्याचे तंत्र मात्र जाणत्या माणसाजवळ उभे राहूनच शिकावे. ते भाषणातून शिकता येत नाही.

धार हा आणखी एक विषय. ओसेजचे लाकूड इतके कठीण की साखळी लवकर बोथट होते. करवतीतून जाड ढलप्या पडत आहेत तोवर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबून गोल कानस हातात घ्यावी. बोथट करवत जोर लावून चालविणे, हे अपघाताला बोलावणे आहे.

झाड शक्यतो हिवाळ्यात पाडावे. तेव्हा किडीचा उपद्रव कमी आणि लाकूड सावकाश वाळते. ओंडका कापल्याबरोबर त्याची दोन्ही तोंडे रंगाने, मेणाने किंवा सरसाने बंद करावीत. तोंडाकडून ओलावा झपाट्याने जातो आणि भेगा आत धावतात. डबा बरोबर नेला नसेल, तर करवत कितीही उत्तम असली तरी मेहनत फुकट गेली.

या यंत्राचा इतिहासही मौजेचा आहे. साखळीला दात लावून कापण्याची कल्पना लाकूडतोड्यांची नव्हे, शस्त्रवैद्यांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी हातानेच चालणारी अशी बारीक साखळी वापरली. १९२६ साली जर्मनीत आंद्रेआस श्टिल याने विजेवर चालणारी साखळीकरवत केली. पुढे १९४६ साली अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने बुंधा पोखरणारी एक अळी पाहिली. ती डावीउजवीकडे आळीपाळीने जबडा चालवून लाकडातून सहज वाट काढीत होती. त्या जबड्यावरून त्याने साखळीचे दात बेतले. आजच्या साखळ्यांचे घराणे तेच.

परंतु यंत्र येण्याच्या कितीतरी आधी मनुष्याला हे सारे उमगले होते. अमेरिकेच्याच नेवाडा राज्यात ज्युनिपरची जुनी झाडे आहेत, त्यांच्या खोडांवर उभे लांबट व्रण दिसतात. पुरातत्त्वज्ञ फिलिप विल्के यांनी १९८८ साली त्यांचा अर्थ उलगडून दाखविला. तेथील आदिवासी उभ्या झाडाच्या सरळ भागावर दगडी हत्याराने वर एक आणि खाली एक अशा दोन आडव्या खाचा पाडीत. मधली पट्टी झाडावरच वाळू देत आणि मग ती तंतूंच्या वाटेने उकलून काढीत. झाड जगे, व्रण भरून येई आणि काही झाडांवरून पुढे पुन्हा कांब काढता येई. आडवा घाव हत्याराचा, उभी वाट झाडाची. करवत दगडाची असो की पेट्रोलची, नियम हाच.

आणि आपल्याला त्यासाठी नेवाडापर्यंत जायचेही कारण नाही. आपल्या इंदूरहून पश्चिमेस झाबुआकडे गेले म्हणजे भिल्लांचा तिरकमठा दिसतो. तो बांबूचा, दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. बांबू उभा चिरून कांब काढायची. कोयत्याचा घाव घातला की पुढचे काम बांबूच करून देतो. तेथे यंत्राची गरज पडत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी उत्तर लिहिले ते असे: लाकूड चुकले नाही, करवतही चुकली नाही. करवतीला जे काम सांगायचे नव्हते ते तू सांगितलेस. पुढच्या वेळी लहान करवत ने, चार पाचरी आणि एक घण ने, तोंडे बंद करायला रंगाचा डबा ने. आणि पहिले दोन काप झाल्यावर करवत खाली ठेव.

गेल्या आठवड्यात त्याचे पुन्हा पत्र आले. त्याच कुंपणावरच्या दुसऱ्या एका खोडाच्या चार फाळी त्याने काढल्या आहेत. तीन सरळ निघाल्या, चौथी सापासारखी वळली आहे. त्या चौथीचे काय करू, असे तो विचारतो. मी लिहिले आहे, की तिचेच धनुष्य आधी कर.