कपाट भरलेले, पण दारावर थाप कोण देणार?

(मंदिराच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे, म्हणून थोडक्यात बोलते. मला बॉनमध्ये येऊन तीस वर्षे होऊन गेली. माझे माहेर चिपळूणचे. आमच्याकडे मे महिन्यात आगोटीची बेगमी व्हायची. तांदूळ, डाळी, सुकी मासळी, पापड, लोणची, सरपण, रॉकेल असे चार महिन्यांचे सगळे घरात येऊन पडायचे. पावसाचा भरवसा नाही हे आईला ठाऊक होते. इथे आल्यावर ती सवय सुटली. बटण दाबले की दिवा लागतो, नळ सोडला की पाणी येते, मग साठवायचे कशाला?

मागे एका फेब्रुवारीत आमच्या रस्त्यावरची वीज संध्याकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात पाच किलो तूरडाळ होती, दहा किलो तांदूळ होता, पण शेगडी विजेची! शिजवणार कशावर? हीटर थंड पडले, कारण गॅसवर चालणाऱ्या बॉयलरलाही पंपासाठी वीज लागते. घरचा फोन इंटरनेटच्या डब्यावर चालतो, तोही मुका झाला. मोबाइलची बॅटरी रात्रीच संपली. पिण्याच्या पाण्याची एकच बाटली घरात होती. आम्ही दोघे शाली गुंडाळून, शेंगदाणे आणि गूळ खाऊन झोपलो.

सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजींचा मुलगा भेटला. तो दुसऱ्या गावाहून धावत आला होता. त्याच्याबरोबर वर गेले. आजी ओव्हरकोट घालून खुर्चीत बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. लहानपणी युद्ध पाहिलेल्या, त्यामुळे कपाट अगदी व्यवस्थित. पाण्याच्या बाटल्या, डबाबंद फळे, कडक पाव, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, सगळे होते. पण संधिवाताने बोटे वळत नाहीत. बाटलीचे झाकण उघडेना, रेडिओत बॅटऱ्या घालता येईनात. अंधारात जिना उतरायचे धाडस होईना. रात्रभर त्या घोटभर पाण्याशिवाय बसून होत्या.

त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज खालून येत होता. वाटले, तुम्ही याल."

भक्तहो, नऊ वर्षे मी त्यांच्या खाली राहत होते. दिवाळीला फराळ नेऊन देत होते. त्या रात्री मात्र वर जाऊन दार वाजवावे असे माझ्या मनातसुद्धा आले नाही. त्यांच्याकडे सामान होते, आमच्याकडे हात होते. मध्ये फक्त एक जिना होता. आजही देवासमोर उभी राहिले की ते आठवते.

आमच्यावर वेळ छोटी आली म्हणून निभावले. बॉनपासून आर नदीचे खोरे जवळच आहे. १४ जुलै २०२१ च्या रात्री तिथे महापूर आला. त्या एका खोऱ्यात १३० हून अधिक माणसे गेली. झिन्झिग गावात अपंगांच्या निवासातले बारा जण तळमजल्यावर बुडाले. ज्यांना स्वतःहून वर जाता येत नाही, ते मागे राहतात. साधारण आठवड्याने, २२ जुलैला, वाशिष्ठीचे पाणी माझ्या चिपळूणमध्ये शिरले. आमच्या आळीत खालच्या घरातल्या काकूंना शेजारच्या पोरांनी पाठीवर घेऊन माळ्यावर नेले, म्हणून त्या वाचल्या. खाली कोण राहते, कोणाला चालता येत नाही, हे त्या पोरांना ठाऊक होते.

आता घरी गेल्यावर काय करायचे ते सांगते. नागरी संरक्षणाचे केंद्रीय कार्यालय आपल्या बॉनमध्येच आहे. त्यांचा सल्ला असा: माणशी रोज दोन लिटर पाणी, शक्यतो दहा दिवसांचे, म्हणजे माणशी वीस लिटर. एवढे जमले नाही तर निदान तीन दिवसांचे ठेवा. आणि बाटल्या तुम्हाला स्वतःला उघडता येतील अशाच घ्या.

खाणे न शिजवता खाता येईल असे हवे. पातळ पोहे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, लाडू, खजूर. डाळ-तांदळाने कपाट भरून उपयोग नाही. रोजची औषधे आठवडाभर पुरतील इतकी शिल्लक असू द्या, आणि त्यांची नावे जर्मन डॉक्टरला वाचता येतील अशी कागदावर लिहून ठेवा. पासपोर्ट आणि विम्याचे कार्ड एका पिशवीत, हाताशी. कोळशाची शेगडी किंवा ग्रिल घरात कधीही पेटवू नका, त्याचा वायू जीव घेतो आणि कळतही नाही. समई पेटती ठेवून झोपू नका, टॉर्च वापरा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता देशभर इशाऱ्याची चाचणी होते. त्या दिवशी आपला मोबाइल वाजतो का ते पाहा. फार जुन्या फोनवर हा इशारा येतोच असे नाही. भोंग्याचा आवाज मिनिटभर चढत-उतरत राहिला तर धोका समजून रेडिओ लावा. एकसारखा मिनिटभर वाजला तर धोका टळला. जीवाचे संकट, आग किंवा रुग्णवाहिका यांसाठी ११२.

शेवटी एक मागणे आहे. विश्वस्तांनी माझी विनंती मान्य केली आहे. आपल्या सभासदांत जे एकटे राहतात, किंवा ज्यांची मुले दूर आहेत, त्यांची यादी मंदिरात होणार आहे. प्रत्येकामागे जवळ राहणारे एक कुटुंब असेल. वीज गेली, पाणी भरले, बर्फ साचले, तर फोनची वाट न पाहता त्या कुटुंबाने जाऊन दार वाजवायचे. ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी संकोच करू नये, यात कमीपणा काही नाही. ज्यांच्या अंगात जिना चढायचे बळ आहे, त्यांनी दुसऱ्या वहीत नाव लिहावे. एकट्या ज्येष्ठांसाठी टॉर्च, बॅटऱ्या आणि रेडिओ घेण्याकरिता दानपेटीजवळ वेगळी पेटी ठेवली आहे, तिथे यथाशक्ती द्यावे.

पैसे नसतील तरी चालेल. आज घरी जाताना आपल्या वरच्या किंवा शेजारच्या दाराशी थांबा आणि त्यांचा फोन नंबर मागून घ्या. आमच्या आजी आता माझ्या घराची किल्ली जवळ ठेवतात आणि मी त्यांची.