आधी आपल्या जमिनीला खत, मग बाजाराला

(तालुक्याच्या शिबिरात आमच्या पाड्याच्या सामुदायिक शेती गटाने केलेलं भाषण. बऱ्याच पाड्यांनी मागितलं म्हणून इथे छापत आहोत.)



गांडूळखत कसं करतात ते सांगा, असं आम्हाला शिबिराच्या लोकांनी सांगितलं. ते सांगतोच. खत करायला काय, दोन दिवसांत कुणीपण शिकेल. पण ते खत कुणाच्या शेतात पडणार, आणि त्याच्यासाठी पाणी वाहणाऱ्या बाईची हजेरी कुणाच्या नावावर लागणार, ह्यावर आमच्या बैठका रात्र रात्र चालल्या. म्हणून तेपण सांगणार आहोत.

आधी आमच्या गटाचं सांगतो. आमचे प्लॉट वेगवेगळे आहेत. वनहक्काचे दावेही ज्याचे त्याचे वेगळे आहेत. पण बांधबंदिस्ती, आवणी आणि दिवाळीनंतरचा भाजीपाला आम्ही मिळून करतो. ओहोळाच्या कडेचा एक तुकडा सामायिक ठेवला आहे, तिथेच खताचे वाफे आहेत. गट करताना पहिला प्रश्न एका म्हाताऱ्याने विचारला, "एकत्र राबलो, तं माझा प्लॉट उद्या गटाच्या नावावर जाल का?" हा प्रश्न तुमच्यापण पाड्यात येणार. त्याचं उत्तर कायद्यातच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाने पोराबाळांकडे जाते, पण ती विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ना सावकाराच्या, ना गटाच्या. आणि नवरा-बायको असतील तर पट्टा दोघांच्या नावाने होतो. तेव्हा मिळून काम केल्याने कुणाचा प्लॉट जात नाही.

आता खताकडे येऊ.

आपली जमीन वरकस, उताराची. पाऊस धो धो पडतो आणि वरची माती घेऊन जातो. मागे मुरूम राहतो. आपले आजे-पणजे त्याच्यावर राब भाजून नागली, वरई, भात घेत आले. राबासाठी ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण जमवायचं आणि रोपाच्या जागेवर पसरून भाजायचं. राबावरून आपलं आणि सरकारचं भांडण आजचं नाही. इंग्रजांनी 1885 साली ठाणे-कुलाबा भागातल्या जंगलाच्या तक्रारींसाठी आयोग नेमला, त्यात राब हा मोठा विषय होता. म्हणून आम्ही कुणाला राब सोडा असं सांगत नाही. राब अडाणीपणा आहे असं म्हणणाऱ्याला आम्ही विचारतो, की भाजल्याने तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, हे तुम्हाला माहीत आहे का? पण फांद्या आणायला दरवर्षी लांब जावं लागतं, ओझं बाईच्या डोक्यावर असतं, आणि वाटेत कुणी अडवलं तर दिवस फुकट. गांडूळखत आम्ही ह्याच्यासाठी सुरू केलं.

वाफा असा करायचा. 10 फूट लांब, 3 फूट रुंद, दीड फूट उंच. रुंदी 3 फुटांच्या वर नको, दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. जमीन ठोकून घट्ट करायची आणि आजूबाजूपेक्षा वीतभर उंच ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात पाणी भरतं आणि गांडुळं मरतात किंवा पळतात. बाजूने आम्ही कारवीचा कूड घातला, सिमेंट आणलं नाही. वर पेंढ्याचं छप्पर. ऊन आणि पावसाची धार, दोन्ही चालत नाही. योजनेतून आलेले सिमेंटचे हौद तुम्ही पाहिले असतील. कितीतरी ठिकाणी त्यात आज कोंबड्या अंडी घालतात. हौद मिळाला म्हणजे खत मिळालं असं नाही. गांडुळाला सिमेंट लागत नाही, त्याला सावली, ओल आणि खाणं लागतं.

तळाला काटक्या, तूस, नागलीचं काड असं जाडंभरडं घालायचं. त्याच्यावर कुजायला लागलेला पाला आणि शेण थराथराने. ताजं शेण घालू नका. ते आतून तापतं आणि गांडूळ भाजून मरतं. शेण-पाला बाहेर ढीग करून पंधरा-वीस दिवस कुजू द्यायचा. हात घालून बघायचं, गरम लागलं तर अजून थांबायचं. थंड झालं की मग गांडुळं सोडायची. वर ओलं गोणपाट.

गांडूळ कुठलं? आपल्या शेतात पावसात दिसतं ते खोल बीळ करून राहतं, माती खातं. ते शेताचं मित्रच आहे, त्याला शेतातच राहू द्या. वाफ्यात वरवर राहून कुजलेलं खाणारं लाल बारीक गांडूळ लागतं. त्याचं शास्त्रीय नाव आयसेनिया फेटिडा. ते एकदा आणलं की वाढत जातं. परत परत विकत घ्यायला लावणारा कुणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

ओल किती पाहिजे, तर मूठ आवळल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. मिरची, मीठ, तेल, लिंबाच्या साली वाफ्यात टाकायच्या नाहीत. लाल मुंग्या, कोंबड्या, उंदीर, बेडूक ह्यांच्यापासून राखण पाहिजे. वाफ्याच्या भोवती हातभर चर काढून त्यात पाणी ठेवलं की मुंग्या येत नाहीत. दीड-दोन महिन्यांत वरचं खत चहाच्या भुकटीसारखं होतं, वास मातीचा येतो. पहिल्या खेपेला गांडुळं कमी असतात म्हणून जास्त दिवस लागतात. मग चार-पाच दिवस पाणी बंद करायचं, खताचे छोटे ढीग उजेडात लावायचे. गांडुळं खाली जातात, वरचं खत हाताने काढून घ्यायचं. फावडं मारायचं नाही.

आता हिशेब ऐका. खताच्या गोष्टीत सगळ्यात जास्त फसवणूक हिशेबात होते. युरियाची 45 किलोची गोणी असते, तिच्यात 20 किलोच्या वर नत्र. गांडूळखताच्या 50 किलोच्या गोणीत पाऊण किलोच्या आसपास नत्र. गोणीला गोणी बरोबर असं जो सांगेल तो खोटं बोलतो. गांडूळखताचं काम वेगळं आहे. ते माती धरून ठेवतं, ओल धरून ठेवतं, आणि आपल्या मुरमाला तेच पाहिजे. पण एका एकराला साधारण 2 टन पाहिजे, म्हणजे 40 गोण्या. एका वाफ्यातून एका खेपेला पाच-सहा गोण्या निघतात, कारण घातलेल्या मालाचं निम्मं वजनच हाती येतं. म्हणजे एका एकराला सात-आठ वाफ्यांचं खत.

आमच्याकडे तेवढं शेण नाही, तेवढं पाणी नाही. मग काय करायचं? आम्ही खत सगळ्या शेतात फेकलं नाही, रोपाच्या जागेला घातलं. एकरभर भाताला 4 गुंठे रोप लागतं. 4 गुंठ्यांना 4 गोण्या. एवढं प्रत्येक घराला पुरतं. रोप जोमदार असलं की आवणी चांगली बसते. अर्ध्या जागेवर राब, अर्ध्यावर खत, असं शेजारी शेजारी केलं. खताच्या बाजूला तण जास्त आलं, बेणणी वाढली, हेही सांगतो. पण फांद्यांच्या खेपा निम्म्या झाल्या. उरलेलं खत भाजीपाल्याला, मिरची-वांग्याच्या आळ्यात ओंजळ ओंजळ.

आता भांडणाकडे येतो.

पहिलं भांडण शेणाचं. ज्याच्या दावणीला गुरं, तो म्हणाला शेण माझं म्हणून खत माझं. आमच्यात कातकरी घरं आहेत, त्यांच्याकडे एक शेपूट नाही. त्यांची बाई बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "गुरं चरतात ते रान सगळ्यांचं, मग शेण एकट्याचं कसं?" ह्याच्यावर कुणी बोललं नाही. शेवटी असं ठरलं, की तयार खताचे तीन वाटे करायचे. एक वाटा सामायिक तुकड्याला. एक वाटा हजेरीप्रमाणे. एक वाटा आणलेल्या मालाप्रमाणे, त्यात पाचोळ्याच्या दोन पाट्या म्हणजे शेणाची एक पाटी. ज्याला गुरं नाहीत तो पाचोळा आणतो. पण पाचोळा प्लॉटच्या बांधावरचा आणि पायवाटेचाच. रानातल्या झाडाखालचा झाडून आणायचा नाही. ती झाडाची भाकर आहे. आपलं शेत पिकवायला आपलंच रान उपाशी ठेवलं, तर सामुदायिक हक्काचा दावा कुठल्या तोंडाने करायचा?

दुसरं भांडण हजेरीचं. रोज पाणी घालते बाई, शेण उचलते बाई, आणि वहीत नाव घरधन्याचं. ह्याच्यावर आमच्या बायांनी पहिल्याच बैठकीत ठराव करून घेतला, की हजेरी घराच्या नावावर नाही, माणसाच्या नावावर लागेल. म्हातारी दिवसभर कोंबड्या हाकते, तिची अर्धी हजेरी. पोरांची हजेरी नाही, पोरांनी शाळेत जायचं. पट्ट्यावर बाईचं नाव कायद्याने येतं, मग वहीत का नको?

तिसरं सगळ्यात अवघड. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर नाहीतर रेतीवर जातो. विहिरी आटतात. प्यायला पाणी नसताना गांडुळाला कोण पाणी घालेल? एका वाफ्याला उन्हाळ्यात रोज घागर-दोन घागरी लागतात. म्हणून आमचा नियम असा, की होळीनंतर खत करायचं नाही. एकच वाफा सावलीत ठेवायचा आणि गांडुळांचं बियाणं जगवायचं, त्याला धुण्या-भांड्याचं बिनसाबणाचं पाणी. ती राखण पाळीने, आणि त्या घराला भाजीपाल्याच्या पैशातून मजुरी. खत करायचा हंगाम पावसाळा सरताना सुरू करायचा. ज्या पाड्याला जवळ पाणी नाही, त्याने वाफ्याआधी पाण्याची मागणी घेऊन तालुक्याला जावं. पाण्याशिवाय वाफा म्हणजे बायांच्या डोक्यावर आणखी एक हंडा.

मागच्या हंगामात शहराकडून एक गाडीवाला आला. फार्महाऊसच्या बागांना खत पाहिजे, गोणीला रोख देतो म्हणाला. रोख कुणाला नको? औषधाला पैसे लागतात, लग्नाला लागतात. बैठकीत अर्धे म्हणाले विकू. मग वही काढली. आपल्या रोपाला किती, भाजीला किती, वाफे किती, गोण्या किती, सगळं मांडलं. शिल्लक काहीच निघेना. खत विकलं असतं, तर आपल्या पाड्याचं शेण, पाला आणि बायांचं पाणी दुसऱ्याच्या गवताच्या लॉनवर गेलं असतं, आणि आपण परत युरियाच्या दुकानात उधारीवर उभे. म्हणून ठराव झाला, की सगळ्या घरांच्या रोपाला आणि भाजीला पुरून उरेल तेच विकायचं, आणि तेही बैठकीत विचारून. मिरची-वांगी विकून जी रोख आली ती थोडी आहे. पण ती घरात राहून आली, भट्टीच्या मुकादमाकडून उचल घेऊन नाही.

एक गोष्ट दाव्याबद्दल. काही जण विचारतात, खताचा वाफा दाखवला तर दावा पास होईल का? नाही. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत होतो हे दाखवावं लागतं, वाफा तर आजचा. पण नियमात पुराव्यांच्या यादीत घर, झोपडी, जमिनीचं सपाटीकरण, बांध हे लिहिलेलं आहे. म्हणून जुने बांध पडू देऊ नका. दगड नीट लावा, वनहक्क समिती पाहणीला येईल तेव्हा एकूण एक बांध दाखवा आणि लिहून घ्या. बापाने घातलेला बांध हा त्याच्या अंगठ्यासारखाच आहे. आणि त्या बांधाच्या आत माती टिकली पाहिजे. नुसता पट्टा मिळाला आणि जमिनीत मुरूमच राहिला, तर पोरं परत भट्टीवरच जातील.

शेवटचं. गांडुळांचं बियाणं आम्ही विकत नाही. ज्या पाड्याला पाहिजे त्याने माणसं पाठवावी, दोन दिवस आमच्यासोबत काम करावं आणि पाटीभर घेऊन जावं. एक अट आहे. तुमचा वाफा भरला, की पुढच्या पाड्याला तुम्ही पाटीभर द्यायची. आणि पाटी न्यायच्या आधी तुमच्या पाड्यात बसून तीन गोष्टी ठरवून या. वाफ्याला पाणी कुठलं, हजेरी कुणाच्या नावावर, आणि खताचे वाटे कसे. ते ठरलं असेल तर गांडुळं आजच तयार आहेत.

जमीन आमच्या हक्काची!
जिंदाबाद!